हसण्यावारी नेलेली आयुधे



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी कळवलेला विषय वाचून संयोजकांनी मला पुन्हा एकदा दूरध्वनी केला. "विषय हाच ना?" असे त्यांनी अत्यंत अदबीने विचारले. त्यांचा काही दोष नाही. स्मृतिव्याख्यान म्हटले की शिक्षणाची सद्यःस्थिती, संस्कारांचे महत्त्व अशा विषयांची आपल्याला सवय झालेली आहे. मी मात्र आज अशा शस्त्रांविषयी बोलणार आहे की जी पाहून प्रथम हसू येते आणि नंतर हसणाऱ्याची पंचाईत होते. कथांमध्ये आणि खेळांमध्ये अशी शस्त्रे फार आहेत. ज्यांनी गुरुजींच्या तोंडून महाभारत ऐकले आहे, त्यांना या विषयाचे नवल वाटणार नाही.

निमित्त घडले ते गेल्या दिवाळीत. मी चिटगुप्प्यास आलो होतो. संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर एक मुलगा मोबाइलवर खेळत बसला होता. तो पब्जी नावाचा खेळ तरुणांना मी समजावून सांगण्याची गरज नाही, वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. २०१७ मध्ये तो संगणकावर आला आणि पुढच्याच वर्षी मोबाइलवर. २०२० च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती निराळ्या नावाने अवतरली. शंभर माणसे एका बेटावर उतरतात, सापडेल ते शस्त्र उचलतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. या मुलाच्या शिपायाजवळ बंदूक होती, डोक्यावर शिरस्त्राण होते आणि कमरेमागे चक्क एक लांब दांड्याचा काळा तवा लटकत होता. मी म्हणालो, "अरे, लढाईला निघालास की ऑम्लेट करायला?" मान वर न करता तो म्हणाला, "आबा, हसू नका. मागून गोळी आली तर तव्याला लागून टण्ण करून परत जाऊलाली."

मग त्याने मला सगळे शास्त्र सांगितले. त्या खेळातले चिलखत आणि शिरस्त्राण गोळ्या खाऊन खाऊन निकामी होते. तवा निकामी होत नाही. पाठीशी लटकत असतानाही तो गोळी अडवतो. आणि शत्रू अगदी जवळ आला, बंदूक भरायला सवड नसली, तर त्याच तव्याचा तडाखा डोक्यात बसला की कारभार आटोपतो. नवखा खेळाडू तवा पाहून हसतो आणि पुढे निघून जातो. जाणता खेळाडू वाकून तो उचलतो. मी त्या ओट्यावर बसलो होतो आणि मला गुरुजींचा सातवीचा वर्ग आठवत होता.

एकदा गुरुजींनी वर्गाला विचारले होते, "महाभारतातले सर्वांत घातक शस्त्र कोणते?" आम्ही ओरडू लागलो. कोणी गांडीव म्हणाले, कोणी सुदर्शन, कोणी ब्रह्मास्त्र. एका हुशार मुलाने कर्णाची वासवी शक्ती काढली. गुरुजींनी सर्वांना ऐकून घेतले आणि खिडकीबाहेर बोट दाखवले. बाहेर कुंपणाशी पावसाळ्याचे गवत माजले होते. "ते," गुरुजी म्हणाले. वर्ग हसला. हसणे ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग त्यांनी मौसल पर्वाची कथा सांगितली.

ती कथा आपणास ठाऊक असेल, तरी तिची सुरुवात आठवा. ती एका थट्टेपासून होते. यादवांच्या उनाड तरुणांनी कृष्णपुत्र सांबाला गरोदर बाईचे सोंग दिले आणि द्वारकेत आलेल्या विश्वामित्र, कण्व, नारद या ऋषींना विचारले, हिला काय होईल? शाप मिळाला: हिला लोखंडी मुसळ होईल आणि ते तुमच्या कुळाचा नाश करील. मुसळ झाले. घाबरलेल्या यादवांनी ते कुटून त्याचा चुरा केला आणि समुद्रात टाकून दिला. भारतीय युद्धाला छत्तीस वर्षे लोटल्यावर प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत सात्यकी आणि कृतवर्मा यांचे जुने भांडण उकरून निघाले, मारामारी जुंपली. आणि तिथल्या किनाऱ्यावर एरका नावाचे जे गवत होते, त्याची मूठ ज्याने उपटली त्याच्या हातात लोखंडी मुसळ झाले. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य आटले, पण कृष्णाचे स्वतःचे कुळ आटले ते मूठभर गवताने. पुराणे पुढे असेही सांगतात की चुरा करताना उरलेला लोखंडाचा एक तुकडा जरा नावाच्या व्याधाच्या बाणाचे टोक झाला, आणि तोच बाण कृष्णाच्या पायाला लागला.

पुढे अनेक वर्षांनी मूळ ग्रंथ वाचताना मला जाणवले की गवताच्या पात्यावर आपल्या कवींचे विशेष प्रेम असावे. सुंदरकांडात सीता हनुमंताला खुणेची गोष्ट म्हणून कावळ्याची कथा सांगते. तिला टोचणाऱ्या त्या कावळ्यावर रामाने भाता शोधला नाही. अंथरलेल्या दर्भातली एक काडी उपसून ती ब्रह्मास्त्राने मंत्रून सोडली. कावळा तिन्ही लोक हिंडला, काडी मागे लागलेलीच. शेवटी एका डोळ्यावर निभावले. पण त्याच कांडात गवताची दुसरी एक काडी आहे आणि मला ती अधिक मोठी वाटते. अशोकवनात रावण सीतेपुढे येतो, ऐश्वर्य दाखवतो, धमकावतो. सीता आपल्या आणि त्याच्या मध्ये गवताची एक काडी ठेवते आणि मग बोलू लागते. ती काडी मंत्रलेली नाही, ती कोणावर सोडली जात नाही. दहा तोंडांच्या सम्राटाला ती ओलांडता आली नाही, एवढेच. टीकाकारांनी या काडीचे पुष्कळ अर्थ लावले आहेत. मला एकच अर्थ पुरतो: त्या बाईच्या हाताशी तेवढेच होते.

नमुचीची कथा याहून वेगळ्या जातीची आहे, तिच्यात वकिली आहे. ओल्या शस्त्राने नाही, कोरड्या शस्त्राने नाही, दिवसा नाही, रात्री नाही, असे वचन इंद्राकडून घेऊन तो निर्धास्त झाला. इंद्राने संधिप्रकाशाची वेळ साधली आणि पाण्याच्या फेसाने त्याचा शिरच्छेद केला. कथा चतुर आहे. मनात मात्र ती फार काळ राहत नाही.

कथांतल्या गोष्टी कथांतच शोभतात, असे कोणी म्हणेल. त्यांनी बिदरचा किल्ला आठवावा. आपण सर्वजण शाळेच्या सहलीत तिथे गेलो आहोत. खडकात खोदलेला तिहेरी खंदक आणि बुरुजांवरच्या अवजड तोफा पाहून आपण तोंडात बोट घातले आहे. १६५७ साली औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आदिलशाहीच्या वतीने सिद्दी मर्जान हा म्हातारा, अनुभवी किल्लेदार तो लढवत होता. वेढा सत्तावीस दिवस चालला. त्या काळी सैन्यात 'बाण' वापरीत. म्हणजे नळीत ठासलेली दारू आणि तिला बांधलेली काठी, आपल्या दिवाळीतल्या बाणाचा थोरला भाऊ म्हणा. तो कुठे जाईल याची सोडणाऱ्यालाही खात्री नसे. तोफेपुढे हे पोरखेळच. पण मुघलांनी सोडलेल्या अशाच एका बाणाची ठिणगी बुरुजाजवळच्या दारूसाठ्यात पडली. जो भडका उडाला त्यात सिद्दी मर्जान आणि त्याची मुले होरपळली. किल्ला पडला आणि थोड्याच अवधीत किल्लेदारही गेला. पुढे हैदर आणि टिपू यांनी या बाणाला लोखंडी नळी दिली. इंग्रजांनी ते बाण गोळा करून विलायतेस नेले आणि १८०४ पासून कॉन्ग्रीव्हने त्यांवर प्रयोग करून आपले अग्निबाण तयार केले. आज आपण ज्या अग्निबाणांनी उपग्रह सोडतो, त्यांच्या वंशावळीत आपल्या दख्खनचे हे बांबूला बांधलेले नळकांडेही आहे.

तोफा-बाण राहू द्या. ज्या आयुधाशी माझी स्वतःची ओळख आहे त्याकडे येतो. ज्वारी हुरड्याला आली की आम्हा मुलांना पाखरे राखायला मचाणावर बसवत. हाती गोफण. अंबाडीच्या दोरीचे दोन पदर, मध्ये दगड ठेवायला विणलेली ओंजळ; एका पदराचा फास बोटात, दुसरा पदर चिमटीत. डोक्याभोवती फिरवून नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. पाहणाऱ्याला हे दोरीचे खेळणे वाटते. पण दोरीमुळे माणसाचा हात जणू दुप्पट लांब होतो, आणि त्या वाढलेल्या हाताचा सगळा वेग त्या एका दगडात उतरतो. माझा पहिला दगड मागे गेला आणि वडिलांच्या घागरीला लागला, हे येथे नमूद करतो. चार-पाच हंगामांनंतर तो जिथे हवा तिथे जाऊ लागला.

म्हणूनच बायबलातली दावीद आणि गोलियाथाची गोष्ट वाचताना मला तिच्यात चमत्कार दिसला नाही, शेत दिसले. राजाने दिलेले चिलखत घालून त्या धनगराच्या पोराला चालताही येईना. त्याने ते उतरवले, ओढ्यातले पाच गुळगुळीत दगड उचलले आणि निघाला. गोलियाथ चिडला तो त्याच्या हातातली काठी पाहून. काठीवरून त्याने पोराला हिणवले. गोफणीचा त्याने उल्लेखही केला नाही. हसणारा माणूस बहुधा चुकीच्या वस्तूला हसत असतो.

आता थोडे सावध केले पाहिजे, नाहीतर मुले उद्या परीक्षेला पट्टी घेऊन येतील आणि लेखणी घरी ठेवतील. जे हास्यास्पद दिसते ते समर्थ असतेच असे नाही. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्हान्तिसच्या कादंबरीत डॉन किहोते न्हाव्याचे पितळी भांडे जादूचे शिरस्त्राण समजून डोक्यावर घालतो. ते शेवटपर्यंत न्हाव्याचे भांडेच राहते. गोफणीमागे चार हंगाम असतात, भांड्यामागे नुसता भ्रम होता. आणि वाघनखांचे काय, असेही मला कोणी विचारील. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडचा प्रसंग सांगायला नको. लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्यास आणली गेली तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. ती हीच, असे ते संग्रहालयही खात्रीने म्हणत नाही. पण माझ्या मते वाघनखे या यादीत बसतच नाहीत. ती मुठीत लपवायची असतात. मी बोलतो आहे ते उघड दिसणाऱ्या, आणि दिसूनही मोजल्या न जाणाऱ्या शस्त्रांविषयी.

खेळ रचणाऱ्यांना हे मर्म फार पूर्वी कळले होते. बुद्धिबळात एकेक घर सरकणारे प्यादे पटाच्या टोकाला पोचले की त्याचा दर्जा बदलतो. जुन्या देशी खेळात तर प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजत. परंतु मला थक्क केले ते गंजिफाने. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर ही गोल पाने रंगवताना मी पाहिली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२०. राजा आणि प्रधान सर्व रंगांत वरचढ. पण त्यांच्याखालच्या दहा पानांची गंमत अशी की पाच रंगांत दहिला सर्वांत मोठा आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा आणि दहिला सर्वांत लहान. म्हणजे हातातला एक्का हसण्याजोगा आहे की धाक घालणारा, हे त्याच्यावरच्या ठिपक्यांवरून ठरत नाही. तो कोणत्या रंगात आहे यावर ठरते. नवखा माणूस ठिपके मोजतो आणि डाव घालवतो.

तवा हे स्वयंपाकघरातले आयुध, तेव्हा त्या घराण्यातली आणखी दोन उदाहरणे. रोआल्ड डाल या लेखकाची १९५३ सालची एक कथा आहे. तीत पत्नी नवऱ्याला गोठवलेल्या मेंढीच्या तंगडीने मारते आणि तीच तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना जेवू घालते. शस्त्र कुठे असेल याची चर्चा करत ते शस्त्र खाऊन टाकतात. कथा क्रूर आहे, पण तपास करणाऱ्यांची नजर स्वयंपाकघराकडे शस्त्र म्हणून वळतच नाही हे तिचे मर्म अचूक आहे. दुसरे उदाहरण खरेखुरे आणि रक्त न सांडणारे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगावे. त्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. वर्तमानपत्रे आधी हसली असतील. पण पोळीच महाग झाली असताना लाटणे दाखवणे याहून नेमके दुसरे काय दाखवता आले असते?

त्याच १९७२ च्या जूनमध्ये मी या गावातून मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात गेलो. पहिल्या आठवड्यात तासाला उशीर झाला. प्राध्यापकांनी कारण विचारले. मी दारातूनच म्हणालो, "सर, बस मिळेना, धावत येऊलालो." वर्ग कोसळला. मागच्या बाकावरून कोणीतरी "लालो, लालो" असा ताल धरला, आणि प्राध्यापकही हसले. पुढची दोन वर्षे त्या वर्गात मी तोंड उघडले नाही.

सुट्टीत आलो तेव्हा गुरुजींना हे सांगितले. गुरुजींचे स्वतःचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून झालेले, शिकवत मराठी, आणि घराबाहेर पडले की कानडी. समजूत घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मला तेनालीरामाची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी दहादा ऐकली होती. एक दिग्विजयी पंडित दरबारात येतो, सगळ्यांची गाळण उडते. तेनालीराम रेशमी वस्त्रात काहीतरी गुंडाळून आणतो आणि म्हणतो, आज 'तिलकाष्ठमहिषबंधन' या ग्रंथावर वाद करू. पंडिताने नाव ऐकलेले नसते. तो रातोरात पळून जातो. वस्त्रात काय असते, तर तिळाच्या काड्या आणि त्यांना बांधलेले म्हशीचे दावे. गुरुजी म्हणाले, "तो पंडित ग्रंथाला हरला नाही. हे काय आहे, असे विचारायची त्याला लाज वाटली. आता मला सांग, तुला हसणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले की 'लालो' म्हणजे काय?" कोणीच विचारले नव्हते. "मग त्यांना एकदा काड्या उघडून दाखव."

तिसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या गणेशोत्सवात मी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आमच्या बोलीत सांगितली. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतले वाघ-लांडगे आणि तिला परत आणणारा तो भोपळा. तीही या विषयातलीच म्हणायची. मुले हसली. पण कुठे हसायचे आणि कुठे गप्प बसायचे हे त्या रात्री मी ठरवत होतो. बक्षीस दुसऱ्याला मिळाले. पुढच्या वर्षी मात्र गोष्ट मलाच सांगायला लावली.

ही हकीगत इथे थांबवली असती तर ती छान झाली असती. पण गुरुजींच्या नावाने बोलताना अर्धवट सांगणे बरे नव्हे. नोकरी लागली, आणि मी ती बोली हळूहळू उतरवून ठेवली. कोणी सांगितले नव्हते, मीच ठेवली. राजाचे चिलखत मला बेतशीर बसले म्हणा. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी बसून औषधांविषयी काही समजावत होतो. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "असं सायबासारखं कशाला बोलूलालास रे?" मी तिच्यासारखे बोलायचा प्रयत्न केला. शब्द आठवत होते, पण तोंडातून ते सोंगासारखे निघाले. तिलाही ते कळले असावे. तिने डोळे मिटले.

म्हणून त्या ओट्यावरच्या मुलाचे 'जाऊलाली' ऐकून मी तिथून उठलो नाही. त्याच्या कानात तारा होत्या आणि तो कुणाशी तरी बोलत होता. कोण आहेत, विचारले. एक पुण्याचा, एक नाशिकचा, एक लातूरचा. चौघांची टोळी, एकमेकांना कधी न भेटलेली. त्याने मला ऐकवायला एक तार माझ्या कानाला लावली. पलीकडून नाशिकचा का पुण्याचा मुलगा घाईघाईने ओरडत होता, "मागून येऊलालाय, मागून येऊलालाय!"

मी विचारले, "हे तुझ्यासारखे कसे बोलतात?"

"आधी हसूलालते," तो म्हणाला. "आता सगळे असंच बोलूलालेत. लौकर कळतं, आबा."

मग त्याने मोबाइल माझ्या हाती दिला. मी बेटावर उतरलो, एका घरात शिरलो, समोर दिसलेली बंदूक उचलली आणि बाहेर पडलो. अर्ध्या मिनिटात मला मागून गोळी लागली. तवा त्या घराच्या फरशीवरच पडला होता, असे मला नंतर दाखवण्यात आले.